यूएस ८३ वर पहिल्यांदा गाडी काढताना

उत्तर डकोटात वेस्टहोप गावाच्या वर, कॅनडाच्या सीमेवर, यूएस ८३ सुरू होतो आणि टेक्सासात ब्राउन्सव्हिलला, मेक्सिकोच्या दारात संपतो. लांबी सुमारे ३,००० किलोमीटर. सीमेपलीकडे कॅनडातही तो ८३ याच क्रमांकाने मॅनिटोबात आत जातो. १९२६ साली अमेरिकेने रस्त्यांना क्रमांक दिले तेव्हापासूनचा हा रस्ता. त्याच्या वाटेवर एकही महानगर नाही, म्हणूनच बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं.

आपल्यातले बरेच जण या भागात पोटापाण्यासाठीच येतात. रेसिडेन्सी संपवून जे-१ वेव्हरवर, म्हणजे व्हिसा संपल्यावर मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीवर, छोट्या गावातल्या इस्पितळात तीन वर्षं काढणारे डॉक्टर तर हमखास. ही सवलत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते केंट कॉनरॅड उत्तर डकोटाचेच सिनेटर होते. शिवाय ओमाहा, डेन्व्हर, मिनीॲपोलिसला नोकरी करणारे आणि लांब सुट्टीत 'कुठेतरी वेगळं' जाऊ पाहणारे. हा लेख त्यांच्यासाठी. मी फक्त गवताळ पट्ट्याबद्दल लिहिणार आहे, म्हणजे मायनॉटपासून टेक्सासच्या वरच्या टोकातल्या शॅमरॉकपर्यंत. त्याखालचा टेक्सास हा वेगळा विषय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इथे प्रवासाचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांवरून करायचा नाही. तो पेट्रोल, मुक्काम आणि आभाळ या तीन गोष्टींवरून करायचा. स्थळं आपोआप वाटेत येतात.

पहिली पायरी: दिशा आणि महिना ठरवा

हा रस्ता जवळजवळ १०० अंश पश्चिम रेखांशाला धरून जातो. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ सालच्या आपल्या अहवालात याच रेषेच्या आसपास कोरड्या प्रदेशाची सीमा दाखवली होती: पूर्वेला पावसावर शेती जमते, पश्चिमेला वर्षाचा पाऊस २० इंचांच्या खाली जातो आणि भरवसा संपतो. प्रत्यक्षात काही एका बाजूला हिरवं आणि दुसऱ्या बाजूला पिवळं असं दिसत नाही. पण आपण सतत या काठावरून चाललो आहोत हे माहीत असलं की शेत का संपलं आणि कुरण का सुरू झालं, गावं का विरळ झाली, याचा अर्थ लागत जातो.

उत्तरेकडून दक्षिणेकडे या, आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. उन्हाळ्यातली वादळं ओसरलेली असतात, गवत तांबूस झालेलं असतं, बर्फ अजून लांब असतो. मे-जून देखणे असतात, पण गारपीट आणि टॉर्नेडोचा तोच मोसम. नोव्हेंबर ते मार्च नवख्याने मुद्दाम जाऊ नये. कामासाठी जावंच लागलं तर थंडीबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

बिस्मार्क किंवा मायनॉटला विमानाने उतरून गाडी घ्यायची आणि शॅमरॉकहून आय-४० या इंटरस्टेट महामार्गाने दीड तासावरच्या ॲमरिलोला ती सोडायची, हे सोयीचं पडतं. एका शहरात घेऊन दुसरीकडे सोडण्याचे जास्तीचे पैसे लागतात, ते बुकिंग करतानाच बघा. चार मुक्काम पुरतात, पाच असले तर उत्तम. दोन दिवसांतही हा पल्ला मारता येतो, पण मग आलात कशाला?

दुसरी पायरी: गाडी आणि कागद

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का ते बघा. हल्ली अनेक गाड्यांत ती नसते, नुसता हवा भरायचा पंप आणि भोक बुजवायचं रसायन असतं. टायर फाटला तर त्याचा उपयोग नाही. भाड्याच्या करारात खडीच्या रस्त्यावर गाडी नेण्याला मनाई असते का, तेही वाचा. बहुधा असते. पुढे कॅन्ससमध्ये हा प्रश्न येणार आहे.

भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आणि या वाटेवर राज्यं सहा. नागरिक नसलेल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाने आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगायची, असा केंद्राचा कायदा आहे. ग्रीन कार्ड, किंवा आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत जवळ असू द्या. मायनॉटच्या वरच्या भागात सीमा गस्तीची गाडी दिसणं नेहमीचं आहे.

नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. नेब्रास्कातल्या सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांमध्ये आणि दक्षिण डकोटाच्या काही पट्ट्यांत फोनला रेंज नसते. घड्याळाचीही एक गंमत आहे. हा सगळा रस्ता मध्य प्रमाणवेळेच्या पश्चिम कडेवरून जातो, त्यामुळे पीअरच्या आसपास फोन मधेच तासभर मागे उडी मारतो. रात्री मोटेल गाठायची वेळ हातातल्या घड्याळावर ठेवा.

तिसरी पायरी: मुक्काम आधी बांधून घ्या

बिस्मार्क, पीअर, व्हॅलेंटाइन, नॉर्थ प्लॅट, गार्डन सिटी ही मुक्कामाची गावं. एरवी खोल्या मिळतात. पण दक्षिण डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि पीअरच्या अवतीभवती खोली मिळणं मुश्कील होतं. शिकारी दर वर्षीच्या खोल्या वर्षभर आधी धरून ठेवतात. गावोगावी अनेक मोटेल गुजराती कुटुंबं चालवतात. काउंटरवर दोन शब्द हिंदीत झाले की पुढच्या रस्त्याची खरी खबर मिळते, कुठे काम चालू आहे, कुठलं जेवण बरं आहे.

चौथी पायरी: टाकी आणि शिदोरी

टाकी अर्धी झाली की भरायची. पाव उरेपर्यंत थांबायचं नाही. व्हॅलेंटाइन ते थेडफर्ड हे अंतर साधारण ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर आहे, आणि मधे पंप नाही. ओकली ते स्कॉट सिटी ४५ मैल, तिथेही तेच. नकाशावर ठिपका दिसतो म्हणून पंप असेल असं समजू नका. ठिपका म्हणजे कधी कधी एक बंद शाळा आणि चार घरं.

पंपावर दोन गोष्टी सांभाळा. नेब्रास्का आणि दक्षिण डकोटा मक्याची राज्यं आहेत, त्यामुळे सगळ्यात स्वस्त दिसणारी नळी बरेचदा ई-८५ ची, म्हणजे बहुतांश इथेनॉलची असते. गाडी फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे दोन्ही इंधनांवर चालणारी, नसेल तर तिला हात लावू नका. दुसरं, पंप कार्डाचा झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, विचारतो. भारतीय कार्ड असेल तर आत जाऊन आधी पैसे भरा आणि मग नळी उचला. रात्री उशिरा गावातला शेतकरी सहकारी संस्थेचा पंप कामी येतो. तिथे माणूस नसतो, पण पुष्कळ ठिकाणी साधं कार्ड चालतं.

शाकाहारी मंडळींनी शिदोरी न्यावीच. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, फळं, आणि मोटेलात वरण-भात लावायला छोटा विजेचा कुकर. इथल्या कॅफेत 'मांस नको' म्हटलं की ताटात चिकन येऊ शकतं, कारण पुष्कळांच्या लेखी मांस म्हणजे गोमांस. हिरव्या शेंगांच्या भाजीत बेकन असतं, सूप गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा. भाजलेला बटाटा, ग्रिल्ड चीज सँडविच, अंडी, पॅनकेक हे बिनधोक. कॅन्ससमधल्या मेक्सिकन खानावळीत घोटलेल्या राजम्यात 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी आहे का, हे त्याच शब्दात विचारलंत तर सरळ उत्तर मिळतं. मांसाहार चालत असेल तर मात्र चंगळ आहे, स्टेकसाठी याहून चांगला मुलूख शोधून सापडणार नाही.

पाचवी पायरी: दुपदरी रस्त्यावरचं चालवणं

मायनॉट ते बिस्मार्क रस्ता चौपदरी आहे. त्याखाली तो बहुतांश दुपदरी होतो. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ६५ मैल, टेक्सासात ७० किंवा ७५. मात्र गावाच्या वेशीवर ती दोन-तीन पाट्यांत ३०-३५ वर येते आणि पोलीस नेमका तिथेच उभा असतो. गाव येतंय हे लांबून कळतं. आधी धान्य साठवायचे उंच मनोरे, म्हणजे एलिव्हेटर, दिसतात, मग गावाचं नाव रंगवलेली पाण्याची टाकी. एलिव्हेटर दिसला की पाय हलका करा.

पोलिसाने मागून दिवे लावले तर उजवीकडे कडेला थांबा आणि गाडीतच बसून राहा. हात स्टिअरिंगवर, काच खाली. आपल्याकडे उतरून साहेबांपाशी जायची सवय असते, ती इथे धोक्याची. कागद काढायलासुद्धा आधी सांगून मग हात न्यायचा.

ओव्हरटेक तुमच्या बाजूची पिवळी रेघ तुटक असेल तिथेच. समोरचा ट्रक लांब वाटतो, पण त्याचा वेग वाटतो त्याहून जास्त असतो, सरळ रस्त्यावर नजर फसते. मोठा ट्रक समोरून गेला की हवेचा झोत गाडी ढकलतो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. शाळेची बस लाल दिवे लावून थांबली असेल तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं.

उन्हाळ्यात या रस्त्यावर लेनभर रुंदीचे हार्वेस्टर लादलेले ट्रक भेटतात. गहू टेक्सास-ओक्लाहोमात मे-जूनमध्ये पिकतो आणि कॅनडाच्या सीमेशी ऑगस्टमध्ये. पीक जसं वर वर पिकत जातं तशा कापणी करणाऱ्या टोळ्या यंत्रं, स्वयंपाकाची गाडी, पोरंबाळं घेऊन वर सरकत जातात. मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या आठवतील, फरक एवढाच की इथे कोयत्याच्या जागी काही लाख डॉलरचं यंत्र आहे. त्यांच्या पुढे-मागे पिवळे दिवे लावलेली गाडी असते. घाई करू नका, जागा मिळाली की ते स्वतःच बाजूला होतात.

दिवेलागणीनंतर शक्यतो चालवू नका. हरणं कुंपणावरून थेट रस्त्यावर उडी घेतात आणि एक गेलं की मागून दुसरं येतंच. समोर आलंच तर ब्रेक दाबा, पण गाडी झटक्यात वळवू नका. उलटण्यापेक्षा धडक परवडते. मे-जूनमध्ये सँडहिल्सच्या डांबरावर नक्षीदार पाठीची छोटी कासवं रस्ता ओलांडत असतात. मागे-पुढे कुणी नसेल तर थांबून, ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच दिशेला नेऊन सोडा.

समोरून येणारा अनोळखी माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तुम्हीही उचला. सवय लागायला अर्धा दिवस पुरतो, सुटायला मात्र वेळ लागतो.

सहावी पायरी: आभाळ वाचा

हवामानाचे इशारे काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नावाने दिले जातात, गावाच्या नाही. आपण कुठल्या काउंटीत आहोत हे माहीत नसेल तर रेडिओवरचा इशारा ऐकून काही उपयोग नाही. काउंटी बदलली की पाटी असते, ती वाचायची सवय लावा. 'वॉच' म्हणजे तशी परिस्थिती तयार होते आहे, 'वॉर्निंग' म्हणजे आलं आहे किंवा येऊन ठेपलं आहे. वॉर्निंग लागली की जवळच्या गावात शिरून पक्क्या इमारतीत जा. पुलाखाली गाडी लावून आडोसा घेणं अतिशय धोकादायक, तिथे वारा चिंचोळा होऊन जास्त जोराने येतो. टेक्सासातलं पेरिटन याच रस्त्यावर आहे. १५ जून २०२३ च्या संध्याकाळी तिथे टॉर्नेडोने तीन माणसं गेली.

गारांचं म्हणाल तर ढगाखाली हिरवट झाक दिसली की पुढे जायचा हट्ट सोडा. तासभर कॅफेत बसलात तर वादळ बहुधा पूर्वेकडे निघून जातं.

थंडीत निघावंच लागलं तर ५११ या माहिती सेवेवर राज्याच्या रस्त्यांची स्थिती बघितल्याशिवाय किल्ली फिरवू नका. 'नो ट्रॅव्हल ॲडव्हाइज्ड' असं दिसलं तर त्या दिवशीचं काम गेलं, बस्स. नवीन बर्फ पडत नसतानाही वारा जमिनीवरचा बर्फ उडवतो आणि समोरचं बॉनेट दिसेनासं होतं. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी, खाणं ठेवा. अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढत राहा, मगच इंजिन थोडं थोडं चालू करा, नाहीतर विषारी वायू आत येतो. मदत मागताना रस्त्याकडेच्या हिरव्या छोट्या पाटीवरचा मैलाचा आकडा सांगा. 'गवताच्या टेकडीजवळ' असं सांगून कुणी सापडत नाही.

आता प्रत्यक्ष रस्ता

मायनॉटच्या आजूबाजूच्या शेतांत तारेचं कुंपण घातलेले, वर काहीच बांधकाम नसलेले चौकोन दिसतील. त्याखाली मिनिटमन क्षेपणास्त्रं आहेत. बघा आणि पुढे जा, कुंपणाशी रेंगाळू नका. पुढे रस्ता एका बांधावरून जातो, एका हाताला लेक सकाकाविया आणि दुसऱ्या हाताला लेक ऑड्यूबॉन. हे पाणी १९५३ साली पुऱ्या झालेल्या गॅरिसन धरणाचं. त्याखाली मंडान, हिदात्सा, अरिकारा लोकांची नदीकाठची सुपीक जमीन आणि एल्बोवुड्स हे त्यांचं गाव बुडालं. कोयना किंवा उजनीच्या काठचा वाचक हे नुसतं 'सुंदर तळं' म्हणून बघून पुढे जाणार नाही. वॉशबर्नला फोर्ट मंडानची प्रतिकृती आहे. पश्चिमेच्या शोधमोहिमेवर निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांनी १८०४-०५ चा हिवाळा इथेच काढला.

बिस्मार्कहून रस्ता थोडा वेळ आय-९४ बरोबर पूर्वेला जातो आणि स्टर्लिंगला दक्षिणेकडे वळतो. इथे नवखे हमखास चुकतात, पाटीवर लक्ष ठेवा. पुढचा लिंटन-स्ट्रासबर्गचा भाग रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी वसवला. पीअर ही दक्षिण डकोटाची राजधानी, पण वस्ती साधारण १४,००० आणि एकही इंटरस्टेट तिला शिवत नाही. मिसुरी ओलांडली की फोर्ट पीअर, तिथे टाकी भरा.

मर्डोनंतर व्हाइट रिव्हर, मग मिशन. हा रोझबड राखीव प्रदेश, सिचांगू लाकोटा लोकांचा. इथे पाहुण्यासारखं वागा: माणसांचे, समारंभांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि इथे आदिवासी सरकारचे स्वतःचे कायदे आणि पोलीस आहेत हे लक्षात ठेवा.

व्हॅलेंटाइनला दोन रात्री राहा. इतर कुठल्याही गावातली एक रात्र कमी करा, पण ही नको. गावाला लागून नायोब्रारा नदी आहे, तिच्यात टायरच्या ट्यूबवर बसून वाहत जाता येतं. फोर्ट नायोब्रारा अभयारण्यात गव्यासारखे दांडगे बायसन मोकळे चरतात, गाडीतूनच बघायचे. नैर्ऋत्येला मेरिट जलाशयापाशी अधिकृत 'डार्क स्काय पार्क', म्हणजे तारे बघण्यासाठी अंधार राखलेली जागा आहे. अमावास्येच्या सुमारास गेलात तर आकाशगंगा शोधावी लागत नाही.

मग सँडहिल्स. सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या तेरापट क्षेत्रफळाच्या वाळूच्या टेकड्या, सगळ्या गवताने बांधून ठेवलेल्या. नांगर घातला की वाळू उडते, म्हणून कुणी नांगरत नाही; फक्त गुरं चरतात. खाली ओगलाला भूजलाचा प्रचंड साठा आहे आणि इथे तो इतका वर आहे की दोन टेकड्यांमधल्या खळग्यांत तळी होऊन दिसतो. या पट्ट्यात रेडिओ बंद करा, ताशी ५५ ने चाला, मागून कुणी आलं तर त्याला जाऊ द्या. थांबायचं तर रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरच (शोल्डरवर), तिच्या बाहेर नव्हे. बाहेर वाळू आहे, चाक रुततं. कुंपण ओलांडू नका, सगळी खासगी जमीन आहे, आणि गवतात रॅटलस्नेक असतात. चालून आल्यावर पायांवर गोचिडी आहेत का तेही तपासा.

नॉर्थ प्लॅटला युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड, जगातलं सर्वात मोठं रेल्वे वर्गीकरण यार्ड. मुलं बरोबर असतील तर गोल्डन स्पाइक मनोऱ्यावरून डबे जोडताना-तोडताना बघण्यात सकाळ जाते. मकुक आणि ओबर्लिन ही पुढची गावं जेवणापुरती.

ओकलीच्या दक्षिणेला, हायवेपासून काही मैल आत, मॉन्युमेंट रॉक्स आहेत. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाची खडू उभी राहिली आहे. जाणारा रस्ता खडीचा. कोरडा असेल तर साधी गाडी हळूहळू जाते, पाऊस पडून गेला असेल तर अजिबात वळू नका. करारात मनाई असेल तर वळण्याआधी विचार करा, तिथे अडकलात तर खर्च तुमचा. जागा खासगी मालकीची आहे, मालक येऊ देतात. खडकावर चढू नका. खडी टाळायची असेल तर पुढे स्कॉट सिटीच्या वर लेक स्कॉट उद्यानात प्यूब्लो वस्तीचे अवशेष आहेत, तिथे डांबरी रस्ता जातो.

गार्डन सिटीच्या आधीच वास येईल. हजारो गुरं ठेवलेले फीडलॉट आणि जवळच मोठे कत्तलखाने. काच वर करा आणि गाडीची बाहेरची हवा बंद करा. याच कारखान्यांच्या कामामुळे गावात व्हिएतनामी, मेक्सिकन, सोमाली कुटुंबं आली, त्यामुळे आठवडाभर उकडलेले बटाटे खाल्लेल्याला इथे तिखट मिळतं. भोवतालची मक्याची गोल गोल शेतं ओगलालाच्याच पाण्यावर. सँडहिल्समध्ये वर दिसणारं ते पाणी इथे दर वर्षी खोल जातं आहे.

लिबरलनंतर ओक्लाहोमाची चिंचोळी पट्टी तासाभरात संपते. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी सगळ्यात जास्त भाजलेला हा मुलूख. पेरिटन, कॅनेडियन करत शॅमरॉकला पोहोचलात की चौकात १९३६ चा यू-ड्रॉप इन दिसेल, जुन्या रूट ६६ वरचा मनोरेवाला पेट्रोलपंप. तिथून उजवीकडे आय-४० धरा. ॲमरिलोला गाडी सोडण्याआधी एकदा धुऊन घ्या, काचेवरचे किडे आणि चाकातली खडू दिसली तर सफाईचे पैसे लावतात, आणि ती खडू कुठली हेही विचारतात.